रफिकभाईचा अर्धा चांद

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या ओळखीतली माणसं हे वाक्य वाचून हसतील, कारण न सांगितलेली गोष्ट माझ्यापाशी उरली असेल यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. मी बोलका माणूस आहे. बोलका कसला — नाटकी. चार माणसं आणि चहाची टपरी, एवढं भांडवल मला पुरतं. साखरपुडा असो, सत्काराचा कार्यक्रम असो, नाहीतर दहाव्यानंतर लिंबाच्या सावलीत बसलेली मंडळी असोत — कुणीतरी म्हणतंच, "दिलीपभाऊ, ते कंपनीचं होऊन जाऊ द्या." मी आधी नको-नको म्हणतो, तेही नाटकच असतं, आणि मग खुर्ची मागं सरकवून उभा राहतो.

माझी बायको सुनंदा म्हणते, "लोकायला लई हसवता. घरी आले की तोंडाला कुलूप." खरं आहे तिचं. पण त्या कुलपाच्या आत काय आहे, हे तिलाही ठाऊक नाही.

तर आधी ती कंपनीची गोष्ट, जी सगळ्यांना पाठ आहे. तुम्हीही ऐका. ती ऐकल्याशिवाय दुसरी कळायची नाही.

आमचा कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. गाड्यांच्या इंजिनात लागणारे पोलादी दांडे, शाफ्ट म्हणतात त्यांना, आम्ही ग्राइंडिंग मशिनवर घासून अगदी मापात आणायचो. माप इतकं बारीक की डोक्यावरचा केस त्यापुढं दोरखंड वाटावा. मी देवगाव रंगारीहून आयटीआय करायला आलो, तो या कारखान्यात शिरलो आणि पंचवीस वर्षं तिथंच राहिलो. त्यातली शेवटची काही वर्षं लाइन लीडर म्हणून.

पहिला अंक लाडवांचा. त्या वर्षी कंपनीला इतका नफा झाला की खुद्द मालक विमानानं आले. विमानतळ आमच्या भिंतीपलीकडंच, त्यामुळं त्यांचं विमान आमच्या पत्र्यांवरून उतरलं आणि आम्ही मशिनी सोडून वर बघितलं. आवारात मांडव पडला होता. प्रत्येकाला मोतीचुराच्या लाडवांचा डबा आणि पोळ्या ठेवायचा हॉटपॉट मिळाला. हॉटपॉटच्या झाकणावर छापलं होतं, 'आपण एक कुटुंब'. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडं. मी प्लांटसाहेबांची नक्कल केली. तेलाचे डाग चुकवत ते कसे चालतात — ओल्या अंगणातल्या कोंबडीसारखे, एकेक पाय उचलून, मान पुढं काढून. मालकांना हसता हसता ठसका लागला. मग त्यांनी नफ्याचा आकडा वाचून दाखवला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. कुठल्या घरात असं होतं, सांगा ना? कमाई वाढल्याच्या आनंदात लाडू वाटायचे आणि हात धुवायच्या आत घरातली माणसं मोजायला बसायचं?

कारण तेच झालं. आमच्या घरातला डबा संपायच्या आत पत्रं निघायला लागली. दोन लाइनींची एक लाइन करायची, निम्मी माणसं कमी. त्याच आठवड्यात पेपरात मालकांचा फोटो आला. तोच नफा, तेच दात.

दुसरा अंक चांदाचा. इथं थोडं समजावून सांगावं लागतं. आमच्या प्रत्येक लाइनीवर एक मोठा कागदी तक्ता असायचा, प्लास्टिकचं आवरण चढवलेला. डावीकडं माणसांची नावं, वर मशिनींची नावं, आणि प्रत्येक चौकोनात एक गोल, चार फाका पाडलेला. माणूस मशिन शिकत असेल तर एक फाक काळी करायची. कुणाच्या देखरेखीखाली चालवत असेल तर दोन. एकटा चालवत असेल तर तीन. आणि दुसऱ्याला शिकवू शकत असेल तर चारही — पूर्ण गोल. साहेब लोक त्याला इंग्रजी नाव द्यायचे. आम्ही चांद म्हणायचो. पोरगं नवीन लागलं की विचारायचं, "तुमचा चांद कितीचा?" पूर्ण चांदाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. दर तीन महिन्यांनी लाइन लीडरनं मार्करनं फाका भरायच्या, प्रत्येकानं आपल्या ओळीच्या शेवटी सही करायची, आणि तक्ता ऑफिसात जायचा.

कुणाला काढायचं हे त्या तक्त्यावरून ठरलं. उरणाऱ्या लाइनीवरच्या नव्या मशिनवर अर्धा चांद किंवा त्याहून कमी — त्यानं घरी जायचं.

आणि शेख रफिकचा चांद निघाला अर्धा.

रफिकभाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, त्या मशिनींचा उस्ताद. मशिनीतल्या घासायच्या दगडाला धार द्यायची वेळ झालीय हे तो मशिनच्या आवाजावरून सांगायचा. बाकीचे मापं घेऊन जे शोधायचे, ते तो मशिनकडं पाठ करून चहा पिता पिता सांगायचा. "रो रही है, सुनता नहीं क्या?" असं म्हणायचा. त्याचा अर्धा चांद? अख्ख्या कारखान्यानं तोंडात बोट घातलं.

मग मी काय करतो — गोष्टीत, म्हणजे माझ्या प्रयोगात — मी एचआरचे साहेब होतो. टेबलाशी बसतो. दारापाशी कुणी आहे का बघतो. खिशातला रुमाल काढतो, त्यावर स्पिरिट ओततो, ज्या स्पिरिटनं आम्ही मापाची हत्यारं पुसायचो तेच, आणि रफिकभाईच्या पूर्ण चांदाच्या दोन फाका पुसतो. हळूहळू. कडेनं. पलीकडच्या फाकेला धक्का न लावता. मग रुमालाचा वास घेतो, नाक मुरडतो, रुमाल खिशात. इथं टाळ्या पडतात. हमखास.

तिसरा अंक माझाच. दीड वर्षानं मलाही काढलं. गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा. वॉचमन माझ्या डब्यातला ठेचा वर्षानुवर्षं खाल्लेला. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, कार्ड चालंना." ज्या मशिनी मी लावल्या त्या ट्रकात भरून दुसऱ्या राज्यात गेल्या. मी गेटवर उभा राहून ट्रकांना हात केला. हेही मी करून दाखवतो.

एवढी गोष्ट. यातलं कंपनीबद्दलचं सगळं खरं आहे. लाडू खरे, नफा खरा, लाल दिवा खरा. मला कंपनीचा राग आहे आणि तो जाणार नाही. घरातला हॉटपॉट मी अजून वापरू देत नाही. सुनंदा म्हणते, "त्या भांड्यानं काय केलं तुमचं?" तिला काय सांगू? ज्यांनी कुटुंब म्हणून पाठीवर हात ठेवला, त्यांनी तोच हात गेटकडं दाखवला. हे दुखतं. भरपेट खाल्लेल्या माणसानं आमच्या ताटातली भाकरी उचलावी तसं दुखतं. उपाशी माणसानं उचलली असती तर एवढं दुखलं नसतं.

पण — आणि हा 'पण' मी किती वर्षं गिळतोय — दुसऱ्या अंकात एक गोष्ट मी बदललेली आहे.

कसं सांगू? सरळ सांगायची सवय नाही मला. गोष्टीला वळणं देऊन देऊन जीभच वाकडी झाली आहे.

लाडवांनंतर आठवड्याभरात एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. तरुण माणूस, माझ्या पुतण्याच्या वयाचा, मला 'काका' म्हणायचा. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "काका, मांडवात काय धमाल केली तुम्ही." मी खूश. मग म्हणाला, दोन लाइनींची एक होणार आहे, यादी तक्त्यावरून निघेल, अजून कुणाला बोलू नका, गुरुवारपर्यंत तक्ता नीट भरून द्या. मी उठलो. तेव्हा कॉम्प्युटरकडं बघत, सहज, जणू बाहेर ऊन किती आहे विचारावं तसं, तो म्हणाला, "नव्या मशिनवर पूर्ण चांद दोघांचेच ना? तुमचा आणि रफिक शेखचा. एका लाइनीला एकच लागतो."

बस. त्यानं मला काहीही करायला सांगितलं नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे की त्यानंच सांगितलं. नाही सांगितलं. त्यानं फक्त दोन नावं घेतली आणि पुढचं माझ्यावर सोडलं.

दोघांचे चांद पूर्ण राहिले असते तर? तर कुणीतरी दोघांना मशिनपुढं उभं केलं असतं, आणि रफिकभाई राहिला असता. यात मला तेव्हाही शंका नव्हती. मला मशिन त्यानंच शिकवली होती. माझ्या चांदाच्या चारही फाका, एकेक करून, चार-पाच वर्षांत, त्याच्या हातानं भरलेल्या. तेव्हा तक्ता त्याच्याकडं असायचा. पुढं लीडर मी झालो ते साहेबांपुढं मला बोलता यायचं म्हणून. मशिनपुढं मी कायम त्याचा शागीर्द होतो. चौथी फाक भरताना तो म्हणाला होता, "अब तू सिखा सकता, मियाँ. पर मेरे को नक्को सिखा."

बुधवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, मी टूल रूममध्ये तक्ता टेबलावर पसरला. दारापाशी कुणी आहे का बघितलं. रुमाल काढला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. मघाशीच करून दाखवलं.

हळूहळू. कडेनं. पलीकडच्या फाकेला धक्का न लावता.

ऑफिसातल्या कुणीही तो चांद पुसला नाही. मी पुसला.

आणि तेवढ्यावर ते संपलं असतं तरी मी कदाचित बोललो असतो कधीतरी. भीतीनं माणसाचा हात जातो. पण सही राहिली होती. प्रत्येकानं आपल्या ओळीच्या शेवटी सही करायची — आणि रफिकभाईनं ओळ बघितली असती तर? त्यासाठी अक्षरं वाचता यावी लागत नाहीत, गोल अर्धा की पूर्ण हे कुणालाही दिसतं. म्हणून मी तक्त्याची डावीकडून गुंडाळी केली. फक्त सहीची पट्टी बाहेर राहील एवढी. आणि मशिनपाशी नाही, कँटीनमध्ये गेलो. तो जेवत होता. समोर पाच-सहा जण.

मी गेलो तो कोंबडी होऊनच. एका हातात गुंडाळी, दुसऱ्या हातात मार्कर, एकेक पाय उचलत, मान पुढं, टेबलांच्या मधून. मांडवात केली होती तीच नक्कल, पण इथं जास्त रंगवली — वाटेत सांडलेल्या वरणाचा डाग आला तर साहेब कसे थबकतील, तेही घातलं. कँटीन फुटलं. रफिकभाईला हसू आवरेना, घास हातात राहिला, डोळ्यांत पाणी. मी गुंडाळी त्याच्यापुढं धरली, बोट ठेवलं, म्हणालो, "उस्ताद, ऑटोग्राफ."

तो हसत होता. मार्कर घेतला. म्हणाला, "तूने भरा ना? फिर मैं क्या देखूँ." आणि सही केली. उर्दूत करायचा सही, लांब, वळणदार. हसण्यानं हात हलत होता म्हणून शेवटचं अक्षर जरा लांबलं.

ते हसू मी आणलं होतं. मुद्दाम. त्यानं बघू नये म्हणून.

पुसण्यापेक्षा मला हे जास्त टोचतं. का? पुसताना मी घाबरलो होतो. कँटीनमध्ये मी घाबरलेलो नव्हतो — मला मजा येत होती. लोक हसत होते, नक्कल जमली होती. माझ्या अंगातली जी एक गोष्ट चांगली म्हणून सगळे सांगतात, तीच मी त्याच्या डोळ्यांवर धरली. आणि ती चालली, म्हणून मला आनंद झाला. झाला. खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात त्याला ऑफिसात बोलावलं. तक्ता पुढं ठेवला. अर्धा चांद, शेवटी त्याचीच सही. तो बाहेर आला तेव्हा मी मशिनपाशी होतो. तो सरळ माझ्याकडं आला. मला वाटलं, आता गळ्याला हात घालतो. त्यानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "दिलीप, इन लोगां तेरा भरा हुआ पुसे रे. मेरा चांद आधा कर डाले."

त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. येण्याची जागाच नव्हती तिथं. तक्ता मी भरला होता, म्हणजे पूर्ण भरला होता. आता अर्धा आहे, म्हणजे कंपनीनं पुसला. इतका सरळ हिशेब.

आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघत होती. कुणीतरी विचारलं, "व्हय का भाऊ? तुम्ही पूर्ण भरला होता?"

मी म्हणालो, "हो."

तो एक शब्द. पुढं मी त्याचा अख्खा अंक केला. पहिल्यांदा गेटवरच्या टपरीवर, रफिकभाई गेल्यानंतर आठवड्याभरात. पोरं रागात होती, त्यांना साहेब कसा पुसत असेल ते बघायचं होतं, आणि मला ते दाखवता येत होतं. फार बारकाईनं दाखवता येत होतं. हे याला कसं माहीत, असं कुणी विचारलं नाही. चांगल्या नटाला कुणी विचारत नाही.

रफिकभाईनं वाळूजच्या कारखान्यांत काम विचारलं, शेंद्र्याच्या विचारलं. मशिनवर उभं केलं की लोक खूश व्हायचे. मग जुन्या कंपनीत चौकशी जायची, आणि तिथून कळायचं — अर्धा. देखरेखीखाली चालवतो. एका ठिकाणी त्याला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार झाले, विशीतल्या पोराच्या हाताखाली. तो हे मला हसत सांगत होता. एवढं सांगताना मात्र तो माझ्याकडं न बघता हातातला पेला बघत होता. लाइन लीडर म्हणून मी एक चिठ्ठी लिहून दिली असती, या माणसाचा चांद पूर्ण आहे, एवढी एक ओळ, तर चाललं असतं. त्यानं ती मागितली नाही. मी दिली नाही. चिठ्ठी दिली तर तक्त्याची गोष्ट पुन्हा उघडेल, ही भीती. ज्या दीड वर्षासाठी मी हे केलं, ते दीड वर्ष मी रोज त्याच्या मशिनवर उभा राहून काढलं. ती रडली तर मला ऐकू यायचं नाही. मापं घ्यावी लागायची.

मग माझा लाल दिवा लागला. तेव्हा सगळ्यांत आधी घरी कोण आलं? तोच. सुनंदाला म्हणाला, "भाभी, याला जेवायला घाला, मग बोलू." कंपनीला त्यानं माझ्यासाठी ज्या शिव्या दिल्या, त्या स्वतःसाठी कधी दिल्या नव्हत्या.

आता तो चिकलठाण्यातच एका पत्र्याच्या शेडमध्ये कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावतो. गावोगावचे शेतकरी पाती घेऊन येतात. दगड अजून कानानंच ओळखतो. पण पूर्वी नव्या पोरांना बोलावून आवाज ऐकवायचा, तसं आता करत नाही. मी एकदा म्हणालो, शिकव की कुणाला. तर म्हणाला, "कागद पे तो मैं आधा हूँ." आणि हसला. मीही हसलो.

गेल्या महिन्यात त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, रोशनगेटच्या बाजूच्या शादीखान्यात. जेवणं झाली, नान-खलिया पोटभर, आणि जावयाकडची मंडळी गप्पांना बसली. रफिकभाईनं मला हाताला धरून उभं केलं. म्हणाला, "ये मेरा शागीर्द. सुना, वो चांदवाला सुना इनको." मी नको-नको म्हणालो. या वेळी ते नाटक नव्हतं, पण फरक कुणाला कळणार? तो मागंच लागला. त्याला त्याच्या व्याह्यांना दाखवायचं होतं की आपण अर्धे नव्हतो. त्यासाठी त्याच्याकडं दुसरा कुठला पुरावा नव्हता. माझी गोष्ट होती.

मी केली. रुमाल काढला. दाराकडं बघितलं. पुसला. व्याही हळहळले, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्या साहेबाला बद्दुआ दिली, शांतपणे, हात वर करून. रफिकभाई माझ्याकडं अभिमानानं बघत होता. शेवटी सगळ्यांना म्हणाला, "इसने पूरा भरा था." मग मला स्वतःच्या हातानं गोड वाढलं, आणि मी ते खाल्लं.

मी त्याला सांगितलेलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर नाही. त्याची शेड माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

हे मी मराठीत लिहिलं आहे. रफिकभाई मराठी बोलतो, पण त्याची शाळा उर्दू होती. दुकानाची पाटी अक्षरं जुळवून वाचतो, एवढा मजकूर वाचणार नाही. लिहायला बसलो तेव्हा हे मला ठाऊक होतं.